साखरबाईचा शुक्रवार

साखरबाईचं नाव साखरबाई कुणी ठेवलं, त्याला एकदा धरून विचारायला पाहिजे. एडवणच्या किनाऱ्यावर तिच्याइतकी तिखट बाई दुसरी झाली नाही. नवरा पुंडलिक जिवंत असताना एकदा पिऊन आला आणि त्यानं हिच्यावर हात उगारला, तर हिनं वल्हं उचललं आणि त्याला पार देवळापर्यंत पिटाळत नेलं. सगळं गाव दारात उभं राहून हसत होतं. त्यानंतर त्या बापड्यानं दारू सोडली नाही, पण हात मात्र कायमचा खाली ठेवला.

पालघरच्या मासळीबाजारात तिची बसायची जागा ठरलेली, नळाच्या बाजूला. तिथं एकदा एका दारुड्यानं तिच्या गल्ल्यात हात घातला. हिनं तागडीतलं अर्ध्या किलोचं माप उचललं आणि असं भिरकावलं की गड्याचं कपाळ फुटलं नि तो मांदेलीच्या ढिगात आडवा झाला. बाजारातल्या बाया ती गोष्ट अजून सांगतात. सगळ्यात जास्त वेळा साखरबाई स्वतःच सांगते.

नात रिद्धीला तर ती गोष्ट ऐकल्याशिवाय झोप यायची नाही.

"आजी, माप कसं फेकलंस?"

"असं!"

"मग?"

"मग काय! बसलं बराबर कपालात."

"रगत आलं?"

"आलं म्हणजे! धो धो."

रिद्धी खुदकन हसायची आणि आजीच्या कुशीत शिरायची. गोष्टी अशाच असतात असं तिला वाटायचं, आणि आजीलाही.

पोटच्या पोरीलाही साखरबाईनं कधी सोडलं नव्हतं. तेजल शाळेतून उशिरा आली की पाठीत धपाटा, कालवण करपलं की चिमटा, उलटून बोलली की थोबाडीत. कुणी म्हणालंच, "अगं, पोरीची जात, किती मारशील?" तर हिचं उत्तर तयार असायचं. "आमाला काय कमी मारलं? मेलो काय आमी?"

आता एवढ्या रागीट आईची पोरगी नवऱ्याचा मार खात बसेल, असं कुणाला वाटलं असतं? पण तेजलनं लग्न झाल्यापासून मारच खाल्ला. बोईसरच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती, तिथंच ज्ञानेश भेटला. परभणीकडचा, दिसायला देखणा, बोलायला गोड. लग्न झालं, चाळीत खोली घेतली, आणि वर्षाच्या आत त्यानं गोडव्याचं झाकण उघडून आतला माल दाखवला. भाजीत मीठ कमी, मार. मीठ जास्त, मार. रात्रपाळी करून आला नि पोर रडली, तर पोरीच्या आईला मार. शेजारच्या भिंतीपलीकडची बिहारी बाई दार ठोकायची, "अरे भैया, मर जाएगी वो!" तर तो दार उघडून तिलाही शिव्या घालायचा.

आईनं सुजलेला डोळा बघून विचारलं की तेजलचं एकच ठरलेलं उत्तर. "न्हाणीत पडले, आय."

"रोज कशी पडतेस गं?"

"फरशी गुलगुलीत हाय."

एक दिवस त्यानं बुटाच्या लाथेनं तिची बरगडी मोडली. तेव्हा ती रिद्धीला काखेत मारून रिक्षानं एडवणला आली ती आलीच. साखरबाईनं तिला बसवलं, चहा टाकला, आणि तिच्या डोक्यावरच्या फळीवरून साखरेचा डबा काढायला हात वर केला. तेजलनं मान खाली घातली आणि कोपर तोंडावर धरलं. तिला कळलंसुद्धा नाही आपण काय केलं ते. साखरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं डबा आपटला, कोनाड्यातला कोयता उचलला आणि दाराकडं निघाली.

"सोलते मी त्याला! घोल मासलीसारखा सोलते!"

तेजलनं तिचे पाय धरले. "आय, तू आत गेलीस तर मला नि रिद्धीला कोण हाय?"

एवढं एक वाक्य ऐकून साखरबाई थांबली. तिच्या आयुष्यात ती पहिल्यांदाच थांबली, आणि तेव्हापासून थांबणं हेच तिच्या नशिबाला लागलं.

कोर्ट झालं. घटस्फोट मिळाला. दोघांनी मिळून अर्ज दिला म्हणून फार ताणलं नाही. पण पोरीचं काय? त्यासाठी पालघरच्या कोर्टात समुपदेशक उन्नती मॅडमसमोर सगळ्यांना बसवलं. मॅडम मऊ आवाजाच्या आणि चिवट. आधी ठरलं, रिद्धी तेजलकडे एडवणला राहणार. मग आला बापाच्या भेटीचा प्रश्न.

"त्याला पोर दिसायला नको," साखरबाई म्हणाली. "डोले काढून ठेव म्हणावं, मग ये भेटायला."

"आजी, तो तिचा बाप आहे. त्यानं तिच्यावर कधी हात उचललेला नाही. भेट द्यावी लागेल."

"पोरीच्या आयला मारलं ते काय पूजा केली?"

ज्ञानेश हसत होता. सुट्टी त्याला शुक्रवारची, त्यामुळे वार लगेच ठरला. दर शुक्रवारी दुपारी, सकाळची शाळा सुटल्यावर पोरगी न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. पण कुठं? एडवणला यायला ज्ञानेश तयार नव्हता. "तिथं गेलो तर जित्ता परत येईन का मी?" बोईसरच्या खोलीचं नाव काढलं की तेजल खुर्ची मागं सरकवायची.

"चार लोकांतली, सुरक्षित जागा सांगा," मॅडम म्हणाल्या.

"माजी जागा!" साखरबाई म्हणाली. "मासलीबाजार. वीस-पंचवीस बाया असतात माज्या. तिथं कुनाची छाती हाय तेजलला बोट लावायची?"

मॅडमनी होकार दिला. त्या बिचाऱ्या शाकाहारी, मासळीबाजारात कधी पाऊल टाकलेलं नाही. प्रत्येक बाईच्या पुढ्यात पाटीच्या आधी कोयता असतो, हे त्यांना कुठून माहीत असणार? आणि साखरबाईचं म्हणाल, तर कोयत्यांच्या मधोमध बसण्यात धोका असतो हे तिला जन्मात कधी सुचलं नव्हतं. तिला ती जागा घरापेक्षा भरवशाची.

मग मॅडमनी शेवटचं कलम वाचून दाखवलं. दोन्हीकडच्या कुणीही मुलीसमोर हात उचलायचा नाही. ज्या बाजूचा हात उठेल, त्या बाजूला मुलीनं राहावं की नाही, हे कोर्ट नव्यानं ठरवेल. तेजलनंच ते घालायला लावलं होतं. ज्ञानेशनं सही केली, पेन ठेवलं आणि साखरबाईच्या हाताकडं बघितलं.

एसटीत तेजल म्हणाली, "आय, कललं ना तुला? तू त्याला मारलंस तर रिद्धी जाईल."

"एवडी येडी नाय मी."

"शपथ घे."

"रिद्धीची शपथ घेऊ? घेते. नाय उचलनार हात. मेला समोर नागडा नाचला तरी नाय उचलनार!"

तो नागडा नाचला नाही एवढंच. बाकी काही करायचं ठेवलं नाही त्यानं. पहिल्याच शुक्रवारी नाकाला रुमाल लावून आला आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा म्हणाला, "शी! पोरीच्या अंगाला काय घाण वास मारायलाय." बायांची सटकली. नळाच्या पलीकडं बसणारी सुलू, साखरबाईची जुनी मैत्रीण, पदर खोचून उठली, तर साखरबाईनंच तिला खाली बसवलं. दुसऱ्या वेळी त्यानं पापलेटाच्या पाटीवर पाय दिला आणि "सॉरी हं" म्हणाला. एकदा तर तो वाकून तिच्या कानाशी आला. दारूचा भपका आला.

"मार ना म्हातारे. कधीपासून हात शिवशिवायलाय तुझा. एकच चापट मार. मग बघ, पोरगी माझ्या खोलीत आणि तुझी लेक कोर्टाच्या पायरीवर."

साखरबाईनं दात-ओठ खाल्ले आणि समोरच्या घोळीचं मुंडकं एका घावात उडवलं. गिऱ्हाईक घाबरून दोन पावलं मागं सरकलं. घरी आल्यावर तिचा राग भांड्यांवर निघायचा, कोंबड्यांवर निघायचा, दाराच्या उंबऱ्यावर निघायचा. उजवा हात खांद्यापासून दुखायचा, जसा काही तिनं दिवसभर कुणाला तरी बडवलंय. रिद्धी विचारायची, "आजी, पप्पांना का नाय मारत तू?" तर ती म्हणायची, "झोप गप." मग रिद्धी म्हणायची, "बरं, मापाची गोष्ट सांग." तेवढी मात्र ती सांगायची. त्यात तिला बरं वाटायचं. तेवढीच एक मारामारी तिला आता परवडत होती.

आणि मग तो शुक्रवार आला.

संध्याकाळची वेळ, बाजार उठायला आलेला, बाया उरलेल्या मासळीवर बर्फ टाकत होत्या. तेजल पोरीला न्यायला येऊन आईजवळ उभी होती. ज्ञानेश आला तो झुलतच. त्याच्यामागं रिद्धी. तिचे केस गेले होते. कमरेपर्यंतची वेणी होती पोरीची, तेजलनं तेल लावून लावून वाढवलेली. आता डोक्यावर पोरासारखा कट, तोही वेडावाकडा.

"हे काय केलंस?" तेजल ओरडली.

"वास येत होता मासळीचा. कापले."

"मला न विचारता? माज्या पोरीचे केस—"

त्यानं तिच्या थोबाडीत मारली. एवढ्या सहज, जशी काही ती अजून त्याच्या खोलीत उभी आहे. तेजल भेलकांडली. त्यानं तिचे केस धरले आणि डोकं बर्फाच्या पेटीवर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. "मला विचारती? मला?" पेटीच्या कडेवर रक्त लागलं.

साऱ्या बाया एकदम उठल्या. सुलूच्या हातात कोयता होता आणि तो मासळी कापायला उचललेला नव्हता.

"बसा खाली!" साखरबाई किंचाळली. "कुनी हात लावायचा नाय! त्याला तेच पायजे हाय! बसा म्हणते ना!"

बाया थिजल्या. तिच्या स्वतःच्या हातात कोयत्याची मूठ होती आणि ती तिनं अशी आवळली होती की नखं तळव्यात रुतली. दोन पावलांवर तिची लेक मार खात होती. लेकीनं तेच केलं, मान खाली, कोपर तोंडावर. साखरबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती जागची हलली नाही. सोपं वाटतं का तुम्हाला? ज्या बाईनं आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही, ती आपल्या नातीसाठी आपल्या लेकीचा मार बघत बसली होती.

रिद्धी आजीकडं बघत होती. आता उठेल, मग उठेल. आजी उठली नाही. तेव्हा त्या सात वर्षांच्या पोरीनं तागडीतलं अर्ध्या किलोचं माप उचललं, दोन्ही हातांनी डोक्यामागं नेलं आणि फेकलं.

बसलं बरोबर. ज्ञानेशची भुवई फाटली. त्यानं तेजलचे केस सोडले, हात तोंडावर धरला, बोटांमधून रक्ताची धार लागली आणि तो घसरून मासळीच्या पाण्यात बसकन बसला.

रिद्धी वळली. चेहरा नुसता उजळला होता पोरीचा. "आजी, बग! बसलं! तुज्यासारकं बसलं!"

आणि साखरबाईचा हात सुटला. कितीतरी शुक्रवार बांधून ठेवलेला हात, ज्ञानेशसाठी राखून ठेवलेला सगळा जोर, सगळी भीती की आता गेली, आता पोर गेली, ते सगळं त्या हातात होतं. "काय केलंस गं, सटवे!" रिद्धीच्या तोंडावर तो हात असा बसला की पोरगी उडून मांदेलीच्या ढिगात पडली. ओठ फाटला, पुढचा दात निखळून बाहेर आला. ती रडली नाही. आजी अशी का वागली, हे तिला समजेना. ती मासळीत बसून राहिली आणि आजीकडं बघत राहिली.

साखरबाईनं आपल्या हाताकडं बघितलं. सुलूनं कोयता खाली ठेवला, तो आवाज तेवढा झाला.

पोलीस झाले, टाके झाले, जबाब झाले. आणि उन्नती मॅडमनी पुन्हा सगळ्यांना समोर बसवलं. ज्ञानेशच्या भुवईवर पट्टी, तेजलच्या कपाळावर पट्टी, रिद्धीचा ओठ सुजलेला. काय ती बैठक! ज्ञानेश आता हसत नव्हता, पण आवाज चढलेला होता.

"बघा मॅडम, सात वर्षांची पोर लोखंड फेकून मारते. ही शिकवण आहे त्या घरात. द्या माझ्याकडं."

"तुमच्याशी मी नंतर बोलते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही काय केलंत ते सगळ्या बाजारानं बघितलंय." मग त्या रिद्धीकडं वळल्या. "बाळा, ओठाला काय झालं?"

सुलू साक्षीला आली होती, ती पटकन म्हणाली, "पडली ती, मॅडम. धावपलीत पडली."

"हो का गं?"

रिद्धीनं एकदा आजीकडं बघितलं. मग खाली बघितलं आणि म्हणाली, "पडले मी. फरशी गुलगुलीत होती."

साखरबाईच्या जिवात जीव आला. वाचलो बाई, असं तिला वाटलं. पोरगी हुशार आहे, घराला धरून आहे, असंही वाटलं. पण शेजारी तेजल ताठ झाली. तिनं डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्या डोळ्यांत साखरबाईच्या ओळखीचं नसलेलं काहीतरी होतं.

"पडली नाय," तेजल म्हणाली. "माज्या आयनं मारलं तिला."

"तेजल!"

"मॅडम, लिवून घ्या. ही पोर खोटं बोलतेय. हे खोटं माजं हाय, मी सा वर्षं बोलले. तिला कुनी शिकवलं नाय, तिनं माज्याकडून घेतलं." ती थांबली नाही. "मला बोईसरला परत जायचं नाय नि एडवणला पन नाय. मी वाणगावला खोली बगितलीय, कामपन बगितलंय. मी नि रिद्धी राहू. ज्याचा हात उठतो तो मानूस आमच्या घरात नको. त्याच्याकडचा नको नि माज्याकडचापन नको."

"अगं, कुनासाठी हात बांधून बसले मी?" साखरबाई उभी राहिली. "तुला मारताना बगत बसले, माजं कालीज फाटलं! कुनासाठी? हिच्यासाठीच ना? आनि तू मला ह्या कसाबाच्या रांगेत बसवतेस?"

बोलता बोलता तिनं हात वर केला होता. मारायला नव्हे, बोलायलाच. पण तेजलची मान खाली गेली आणि कोपर तोंडावर आलं. आणि तिच्या बाजूच्या खुर्चीत, तस्संच, एक छोटं कोपरही वर आलं.

साखरबाईला सगळं दिसलं, सगळं म्हणजे सगळं, पार तेजलच्या शाळेच्या दप्तरापर्यंत मागचं. ती खाली बसली. "कुठं सई करायची ती सांगा," ती म्हणाली.

नवा कागद झाला. रिद्धी आईकडं, वाणगावला. बापाची एकट्यानं भेट बंद, भेट कोर्टातल्या खोलीत, मॅडमसमोर, शुक्रवारी. आजीची भेटही तिथंच, शुक्रवारीच, बापाच्या नंतर.

पहिल्या भेटीच्या शुक्रवारी साखरबाई बाजारात बसली नाही. लिंबू चोळून चोळून हात धुतले, धुवट पातळ नेसली आणि कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. थोड्या वेळानं आतून ज्ञानेश बाहेर आला. भुवईवर टाक्यांचा वण. तिच्याकडं न बघता त्यानं विचारलं, "तुला पण तासभरच?" तिनं दाराकडं बघितलं. मारावंसं वाटलं का? वाटलं तर. पण मारून आता कुणाला काय मिळणार होतं?

खोलीत रिद्धी चटईवर बसली होती. केस जरा वाढले होते, दाताच्या जागी नवा दात डोकावत होता. "माजी सोन्याची बाय ती," म्हणत तिनं दृष्ट काढायला हात पोरीच्या गालांकडं नेला, आणि पोरीनं डोकं आत ओढलं. साखरबाईनं हात मागं घेतला आणि मांडीखाली घालून त्यावर बसली.

मॅडम कोपऱ्यात काहीतरी लिहीत होत्या. शेवटी रिद्धीच थोडी सरकून जवळ आली.

"आजी, गोष्ट सांग ना."

साखरबाईला मापाची गोष्ट आठवली. मग वल्ह्याची. मग आणखी एक, मग आणखी एक. ओठापर्यंत येत होत्या नि ती त्यांना मागं ढकलत होती.

"एक घोल होती," ती म्हणाली. "मोठी, पिवली धमक. आपल्या एडवणच्या दर्यात राहायची."

"तिला कोण मारतं?" रिद्धीनं विचारलं.

"कुनी नाय," साखरबाई म्हणाली, आणि पुढं काय सांगायचं ते तिला सुचेना.